अडुळसा : खोकल्याला उतार, पण क्षयाला नाही



ओढ्याकाठी, पडीक जागेत, कुंपणालगत वाढणारा अडुळसा आपण अनेकदा पाहिला असेल. समोरासमोर येणारी लांबट, टोकदार पाने आणि पांढऱ्या फुलांचे तुरे ही त्याची खूण. पान इतके कडू असते की शेळीही सहसा तोंड लावत नाही. म्हणूनच गावाकडे त्याचे कुंपण करतात.

संस्कृतात त्याला वासा म्हणतात. जुन्या वैद्यक ग्रंथांत तो खोकला, दमा, खोकल्यातून रक्त पडणे आणि क्षय यांवर सांगितला आहे. ज्यांना पोथीला हात लावायची मुभा नव्हती, त्या आपल्या आज्या-पणज्यांनाही हे झाड ठाऊक होते. पाने वाफवून त्या रस काढत आणि मधातून चाटवत.

या अनुभवामागचे कारण पुढे विज्ञानाने शोधले. अडुळशाच्या पानात व्हॅसिसीन नावाचे द्रव्य असते. त्याच्या रचनेवरून शास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्झिन हे औषध तयार केले. ब्रोमहेक्झिन शरीरात गेल्यावर त्यापासून अँब्रॉक्सॉल बनते, आणि तेही आज स्वतंत्र औषध म्हणून मिळते. खोकल्याच्या बाटलीवरील लेबल वाचून पाहा, यांपैकी एखादे नाव बहुधा सापडेल. ही औषधे चिकट कफ पातळ करतात, त्यामुळे तो सहज सुटतो.

आता मुख्य मुद्दा. कफ सुटला म्हणजे रोग गेला असे नाही. क्षय म्हणजे टीबी जंतूमुळे होतो. तो जंतू रॉबर्ट कॉख यांनी 1882 साली शोधला. जुने ग्रंथ रचले गेले तेव्हा हे कोणालाच माहीत नव्हते. अडुळशाच्या काढ्याने छाती थोडी मोकळी वाटते, माणूस दवाखान्यात जायचे पुढे ढकलतो आणि जंतू आत वाढत राहतो. एका खोलीत पाच-सहा जण राहत असतील, तर त्याच्या खोकल्यातून तो घरातल्या लेकरांपर्यंत पोहोचतो.

म्हणून दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, घटणारे वजन किंवा थुंकीत रक्त, यांपैकी काहीही दिसले तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. तपासणी आणि औषधे मोफत आहेत. साध्या टीबीचा उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो. बरे वाटले म्हणून मध्येच गोळ्या सोडू नका, नाहीतर जंतू औषधाला दाद देईनासा होतो. उपचार सुरू असताना पोषणासाठी निक्षय पोषण योजनेतून दरमहा 1000 रुपये रुग्णाच्या बँक खात्यात मिळतात. दवाखान्यात नोंदणी करतानाच त्याची चौकशी करा.

लक्षात ठेवा :

1. गरोदर बाईला अडुळसा देऊ नका. त्याने गर्भाशय आकुंचन पावू शकते.

2. एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नका. लहान मुलांना काढा देण्याआधी डॉक्टरांना विचारा.

3. झाडाची पक्की ओळख नसेल तर पाने तोडू नका.

4. घरी काढा घेत असाल तर डॉक्टरांना तसे सांगा. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

5. शेजारी कोणी बरेच दिवस खोकत असेल, तर त्याला टाळू नका. सोबत घेऊन तपासणीला जा.

आजीचा काढा साध्या खोकल्यापुरता जरूर ठेवावा. दोन आठवडे उलटले की मात्र दवाखान्याची वाट धरावी.