निरोगी पानही पिवळं का?

प्रश्न : मी एम.एस्सी.ची विद्यार्थिनी. आमच्या मोर्शीकडच्या बागांतल्या संत्र्याच्या पानांची ट्रिस्टेझा विषाणूसाठी एलायझा केली, तर निरोगी पानाच्या खळग्यातही पिवळा रंग आला. अँटिबॉडी खराब आहे का?
– एक वाचक, मोर्शी

उत्तर : आधी सांगा, ते पान निरोगी आहे हे कशावरून? बागेतलं हिरवंगार झाडही लक्षणं न दाखवता विषाणू बाळगतं आणि मावा तो पसरवतो. ट्रिस्टेझा बियांतून येत नाही. म्हणून कीडरोधक जाळीत बियांपासून वाढवलेलं जंबेरीचं रोप तुलनेला घ्या.

तरीही रंग आला, तर नुसत्या बफरचा खळगा बघा. तोही पिवळा असेल तर दोष धुण्यात किंवा कॉन्जुगेटमध्ये, म्हणजे विकर जोडलेल्या अँटिबॉडीत. बफर स्वच्छ आणि फक्त रोप पिवळं, आणि तुमची अँटिबॉडी सशाच्या सीरममधली असेल, तर त्यात पानाच्या प्रथिनांविरुद्धच्याही अँटिबॉडी असणार. असं सीरम निरोगी पानाच्या रसात मुरवून गाळतात.

मग विरलन. बाटलीवरचा आकडा ही फक्त सुरुवात. आडव्या ओळीत अँटिबॉडी १:५००, १:१०००, १:२०००, उभ्या ओळीत कॉन्जुगेट तसंच; ४०५ नॅनोमीटरला रोगट आणि निरोगी यांतलं अंतर जिथे सर्वाधिक, ते विरलन तुमचं. सर्वांत गडद रंगाच्या मागे लागू नका! कॉन्जुगेट मात्र गोठवू नका, ४ अंशांवर ठेवा.

अँटिबॉडी कोणती, यावरही निकाल ठरतो. एमसीए १३ ही मोनोक्लोनल अँटिबॉडी मुख्यतः विषाणूचे तीव्र प्रकारच ओळखते, कारण आवरण-प्रथिनातलं १२४ वं अमिनो आम्ल. सौम्य प्रकारात ते बदललेलं असतं. तेव्हा तुमची अँटिबॉडी कोणती, ते आधी कळवा. आणि नमुने उन्हाळ्यात घेऊ नका, तेव्हा विषाणू कमी सापडतो.