तुमचा रेझ्युमे किती हातांतून जातो?

आयटीत कंत्राटावर काम करणाऱ्याचा रेझ्युमे थेट क्लायंटपर्यंत क्वचितच पोचतो. आधी तो व्हेंडरच्या रिक्रूटरकडे जातो, तिथून बऱ्याचदा दुसऱ्या, मोठ्या व्हेंडरकडे, मग क्लायंटच्या एचआरकडे, आणि सगळ्यांत शेवटी ज्याच्या प्रोजेक्टवर माणूस कमी आहे त्याच्याकडे. या वाटेत कुणीही त्यात फेरफार करू शकतं. माझ्या बाबतीत ते घडलं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

मी जावा डेव्हलपर आहे आणि अनेक वर्षं बँकांच्या प्रोजेक्टवर कंत्राटी काम करतो. हिंजवडीतल्या एका कामासाठी माझी व्हिडिओ मुलाखत होती. समोर क्लायंटच्या आर्किटेक्ट होत्या. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "कुबरनेटिस क्लस्टर सांभाळण्याचा तुम्हाला चार वर्षांचा अनुभव आहे. १.२४ मध्ये डॉकरशिम काढून टाकलं, तेव्हा तुमच्या क्लस्टरवर काय बदल केलेत?" प्रश्न अगदी योग्य होता. २०२२ मध्ये क्लस्टर सांभाळणाऱ्या कित्येकांना या बदलाची आधीपासून तयारी करावी लागली होती. पण मी क्लस्टर सांभाळतच नव्हतो. माझ्या रेझ्युमेत कुबरनेटिसबद्दल एकच ओळ होती: सेवा कुबरनेटिसवर डिप्लॉय केल्या, क्लस्टरची देखभाल प्लॅटफॉर्म टीमकडे. मी म्हटलं, "मॅडम, तुमच्याकडची प्रत जरा स्क्रीनवर दाखवाल का?" त्यांनी दाखवली. वर व्हेंडरचा लोगो, माझा फोन नंबर काढलेला, आणि त्या ओळीचा उत्तरार्ध गायब. त्या जागी 'क्लस्टर ॲडमिनिस्ट्रेशन, ४ वर्षं'. ही ओळ माझी नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पण मुलाखत तिथेच संपली. रिक्रूटरला फोन केला तर उत्तर आलं, "सर, जेडीला मॅच व्हावं म्हणून थोडं ॲडजस्ट करावं लागतं. सगळेच करतात."

सगळेच करत नाहीत. चांगले रिक्रूटर मी पाहिले आहेत, आणि ते एक अक्षर बदलायचं तरी आधी फोन करतात. तरीही रेझ्युमे पाठवताना मी आता मेलमध्ये तीन गोष्टी लिहून घेतो: कोणत्या क्लायंटच्या कोणत्या जागेसाठी तो जाणार आहे, मजकुरात बदल करायचा असेल तर आधी माझी मेलवर संमती, आणि क्लायंटला गेलेली अंतिम प्रत मलाही. व्हेंडर वर्ड फाइल मागतात, ती द्यावी; त्यांना आपलं लेटरहेड लावायचं असतं. पण त्याच मेलला तोच मजकूर पीडीएफमध्येही जोडा, म्हणजे तुम्ही काय दिलं होतं याची तारखेसह नोंद राहते. क्लायंटचं नाव आधी विचारण्याचा आणखी एक फायदा आहे. एकाच जागेसाठी दोन व्हेंडरकडून तुमचं नाव गेलं, तर कमिशन कुणाचं या वादात पडण्यापेक्षा क्लायंट अनेकदा दोन्ही प्रती बाजूला ठेवतो. नाव सांगायला व्हेंडर तयार नसेल, तर मी रेझ्युमे पाठवत नाही.

दुसरा धोका बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचा. इथे कंत्राटी माणसाचं काम दुहेरी असतं: पगार एका कंपनीच्या पेरोलवर, प्रत्यक्ष बसणं दुसऱ्याच कंपनीत. पुष्कळ जण रेझ्युमेत फक्त मोठ्या क्लायंटचं नाव लिहितात, कारण ते वजनदार दिसतं. तपासणीत मात्र पीएफच्या सर्व्हिस हिस्टरीत पेरोल कंपनीचं नाव आणि तिच्याच तारखा निघतात. पीएफऐवजी व्यावसायिक फी घेत असाल, तर टीडीएस कुणी कापला ते प्राप्तिकर खात्याच्या नोंदीत दिसतं. क्लायंट तर सरळ सांगतो, हा आमचा कर्मचारी कधीच नव्हता. तो खरंच बोलत असतो, पण अहवालात तुमच्या नावापुढे 'तफावत' लागते आणि हातातली ऑफर जाते. म्हणून दोन्ही नावं वेगवेगळी लिहा: पेरोल अमुक कंपनी, काम तमुक बँकेच्या कर्ज विभागासाठी. करारात क्लायंटचं नाव उघड करायला मनाई असेल, तर 'मोठी खासगी बँक, मुंबई' एवढं पुरतं. महिनेही पेरोलच्या कागदावर आहेत तेच.

आता खरा मुद्दा, कामाच्या ओळींचा. कायम नोकरीवाल्याला कंपनी काही महिने शिकायला देते. कंत्राटी माणसाला पहिल्या दोन आठवड्यांत काम दाखवावं लागतं, आणि वाचणारा नेमकं तेच शोधत असतो: माझी आजची अडचण या माणसाने आधी कुठे सोडवली आहे का? 'मायक्रोसर्व्हिसेस डेव्हलपमेंट आणि मेंटेनन्समध्ये सहभाग' या ओळीतून त्याला काहीच मिळत नाही. तेच काम असं लिहून पाहा: 'कर्ज मंजुरीच्या ११ सेवा जावा ८ वरून जावा १७ आणि स्प्रिंग बूट ३ वर नेल्या. जावाएक्सची पॅकेजेस जकार्तावर बदलणं आणि जुन्या सिक्युरिटी कॉन्फिगरेशनची पुनर्रचना माझ्याकडे. टेस्टिंग बँकेच्या टीमकडे.' स्प्रिंग बूट ३ ला किमान जावा १७ लागतं आणि जावाएक्स ते जकार्ता हा बदल किती किचकट असतो, हे त्या वाचणाऱ्याला पुरतं ठाऊक असतं. ज्याने ते निस्तरलं आहे त्याची ओळ तो लगेच ओळखतो. शेवटचा भाग, दुसऱ्या टीमने काय केलं तो, मुद्दाम ठेवा. त्याने विश्वास वाढतो, आणि मुलाखतीत प्रश्नही तुमच्या कामावरच येतात.

सहा-सहा महिन्यांची कामं एकाखाली एक लिहिली की माणूस टिकत नाही असं वाटतं. ती 'कंत्राटी काम, २०१८ पासून' अशा एका शीर्षकाखाली घ्या आणि प्रत्येकापुढे करार किती मुदतीचा होता ते लिहा. करार वाढवला गेला असेल, तर ते ठळकपणे लिहाच. 'मूळ करार ६ महिने, क्लायंटने दोनदा वाढवला' ही ओळ मी कोणत्याही सर्टिफिकेटच्या वर ठेवतो. ज्याने पैसे मोजले त्यानेच पुन्हा मोजले, याहून मोठी शिफारस या धंद्यात नाही.

फोटो, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, पॅन, जन्मतारीख, दर यांतलं काही रेझ्युमेत नको. दोन कॉलम आणि टेबलांची सजावटही नको. गाळणी लावणाऱ्या सॉफ्टवेअरकडून त्यातला मजकूर इकडचा तिकडे होतो. सध्याचा करार कधी संपतो ती तारीख मात्र पहिल्या पानावर वरच्या भागात हवी, कारण रिक्रूटरचा पहिला फोन तेवढ्यासाठीच येतो.

आणि हे सगळं लिहायची वेळ म्हणजे करार चालू असतानाचा शेवटचा आठवडा. लॅपटॉप परत केला की जिरा बंद, मेल बंद, आणि किती सेवा हलवल्या, रिस्पॉन्स टाइम कितीवरून कितीवर आला, हे सांगणारं कुणी जवळ नसतं. क्लायंटचा कोड किंवा कागदपत्रं बाहेर नेऊ नयेत, तो करारभंग होतो. पण मॅनेजरबरोबर अर्धा तास बसून यातले कोणते आकडे बाहेर सांगितले तर चालतील ते विचारा आणि त्यांच्या होकारासह त्याच दिवशी रेझ्युमेत उतरवा. त्याच बैठकीत पुढच्या क्लायंटने फोन केला तर ते बोलतील का, हेही विचारून घ्या.