सुईची अदब

लखनौ शहराचे नाव निघाले की दोन गोष्टी हटकून आठवतात. एक तेथील अदब, म्हणजे वागण्याबोलण्यातील नम्रता, आणि दुसरी चिकनकारी. (येथे चिकन म्हणजे कोंबडी नव्हे, सुती किंवा मलमलीच्या कापडावर हाताने केलेले नाजूक भरतकाम म्हणजे चिकन.) अदबीविषयी एक विनोद सर्वत्र सांगितला जातो. दोन लखनवी गृहस्थ गाडीच्या दाराशी एकमेकांना 'पहले आप, पहले आप' असा आग्रह करीत राहिले आणि गाडी निघून गेली. विनोद जुना आहे, पण त्यात एक खोच आहे. जिभेवरची अदब कधी कधी काम अडवून ठेवते. हातातली अदब मात्र काम पुरे करते आणि तेही नीट करते. तिचा शोध घ्यायचा असेल तर लखनौच्या चौक नावाच्या जुन्या पेठेत जावे आणि एखादा पांढरा कुर्ता हातात घेऊन पाहावा.

हा कुर्ता एकट्या माणसाने केलेला नसतो. शिंपी कापड बेततो. छिपी लाकडी ठशांनी त्यावर वेलबुट्टी उमटवतो. त्यासाठी तो धुतल्यावर निघून जाणारा निळसर कच्चा रंग वापरतो. मग ते कापड लखनौच्या जुन्या मोहल्ल्यांतील किंवा आसपासच्या खेड्यांतील स्त्रियांकडे जाते. तेथेही पुष्कळदा एकच स्त्री सारे भरत नाही. एकीचा हात मुर्रीवर बसलेला असतो, तर दुसरीचा जाळीवर. मुर्री म्हणजे तांदळाच्या दाण्यासारखा टाका आणि फंदा म्हणजे बाजरीच्या दाण्याएवढी गोल गाठ. तेपची हा साधा धावता टाका. बखिया कापडाच्या उलट्या बाजूने भरतात, त्यामुळे सुलट्या बाजूस धाग्याची फक्त सावली दिसते. जाळीचे काम सर्वांत अवघड. तीत कापडाचा एकही धागा कापत नाहीत. सुईच्या टोकाने धागे हलकेच बाजूला सारून बारीक झरोके उघडतात. जोर थोडा जास्त झाला की कापड फाटते.

भरतकाम झाले की कापड धोब्याकडे जाते. धुण्यात छप्याचा निळा रंग निघून जातो. तोवर रेघेच्या आधाराने झाकून गेलेला प्रत्येक वाकडा टाका आता उघडा पडतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. दुकानदाराला गिऱ्हाइकाचा चेहरा दिसतो. ते खूश झाले की नाराज, हे त्याला तिथल्या तिथे कळते. भरतकाम करणाऱ्या स्त्रीला तिचे गिऱ्हाईक आयुष्यात कधी भेटत नाही. तिच्या फंद्याचे कौतुक कोणी केले, हे तिच्या कानावर येत नाही. टाका ढिला राहिला तरी जाब विचारणारा समोर नसतो. असे असूनही जुन्या कारागिरांच्या कामात मागच्या बाजूस गाठी आणि लोंबते धागे दिसत नाहीत. महाराष्ट्रात पैठणीची पारख असलेली स्त्री आधी पदर उलटून पाहते, कारण हातमागावरची खरी पैठणी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. चिकनची पारखही अशीच होते.

दैनंदिन कामाच्या अशा अभिमानासाठी आज जगात जपानचे नाव घेतले जाते. पाहुण्याला काय हवे ते त्याने मागण्यापूर्वीच ओळखावे, या वृत्तीला तेथे 'ओमोतेनाशी' म्हणतात. लखनौच्या विनोदात गाडी निघून गेली. जपानमधील एक हकीकतही गाडीचीच आहे. टोकियो स्थानकात शिंकान्सेन ही अतिवेगवान गाडी आली की सफाई कामगारांना आतील स्वच्छतेसाठी अवघी 7 मिनिटे मिळतात. तेवढ्यात ते आसने फिरवतात, टेबले पुसतात, जमीन झाडतात आणि बाहेर येऊन प्रवाशांना वाकून नमस्कार करतात. परदेशी प्रवासी हे पाहून थक्क होतात आणि हा जपानी रक्ताचाच गुण असावा, असे समजतात.

तसे मात्र नव्हते. 2005 साली तेरुओ याबे नावाचे अधिकारी या सफाई कंपनीत आले, तेव्हा कामगारांत उत्साह नव्हता. हे काम करतो असे सांगण्याची अनेकांना लाज वाटे. याबे यांनी उपदेश केला नाही. त्यांनी चांगला गणवेश दिला, कामगारांच्या सूचना ऐकून त्या अमलात आणल्या, तात्पुरत्या कामगारांना कायम होण्याची वाट मोकळी केली आणि कोणी चांगले काम केले तर त्याची नोंद होईल, अशी व्यवस्था केली. अभिमान त्यानंतर आला. जपानमध्ये सारेच गोड आहे असेही नाही. अतिश्रमाने येणाऱ्या मृत्यूसाठी त्या भाषेत 'कारोशी' असा स्वतंत्र शब्द आहे.

लखनौच्या सुईची खरी अडचणही येथेच आहे. चिकनची मजुरी नगावर ठरते आणि व्यापारी ते कारागीर यांच्यामध्ये दलालांची साखळी असते. कुर्ता महाग विकला गेला तरी साखळीच्या शेवटच्या टोकाला फार थोडे पैसे पोहोचतात. मजुरी घटली की टाके मोठे आणि विरळ होतात. बारीक मुर्रीला वेळ लागतो, म्हणून स्वस्त मालात भरड बखियाचाच भरणा होतो. मग लोक म्हणतात की कारागिरांना कामाची आच राहिली नाही. आच होती, तिची किंमत कोणी दिली नाही. मुजफ्फर अली यांच्या 'अंजुमन' या 1986 सालच्या चित्रपटात चिकन काढणाऱ्या स्त्रियांची हीच पिळवणूक दाखवली आहे. त्यात शबाना आझमी यांची प्रमुख भूमिका आहे.

त्याच सुमारास, 1984 साली, रूना बॅनर्जी यांच्या पुढाकाराने 'सेवा लखनौ' ही संस्था उभी राहिली. दलालाला वगळून काम थेट कारागीर स्त्रीकडे द्यावे आणि मजुरी तिच्याच हातात ठेवावी, हे तिचे सूत्र होते. मजुरी बरी मिळू लागल्यावर मागे पडलेल्या बारीक टाक्यांनाही पुन्हा स्थान मिळू लागले. बॅनर्जी यांना 2007 साली पद्मश्री मिळाली. पुढच्याच वर्षी लखनौच्या चिकनकारीला भौगोलिक मानांकन लाभले. यंत्रावरचे भरतकाम लखनवी चिकन म्हणून विकण्याला त्यामुळे कायद्याची आडकाठी आली. मानांकनाने नाव राखले. मजुरी किती असावी, हे मात्र ते सांगत नाही.

आजही चौकात यंत्रावरचा आणि हाताचा असे दोन्ही कुर्ते शेजारी शेजारी टांगलेले दिसतात. लांबून फरक कळत नाही, किमतीत मात्र तो मोठा असतो. जाणते गिऱ्हाईक कुर्ता उलटा करते आणि मुर्रीवरून बोट फिरवते. हाताने भरलेले दाणे एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. एखादा किंचित मोठा असतो, एखादा किंचित तिरपा. घासाघीस सुरू होते ती त्यानंतर.