रेणवीय आनुवंशिकी : एका अक्षराचा धडा

जीवशास्त्र म्हणजे वनस्पती व प्राणी यांची नावे पाठ करण्याचा विषय, असा समज अद्यापही अनेक घरांतून आढळतो. विद्यापीठांत शिकविली जाणारी रेणवीय आनुवंशिकी व रेणवीय जीवशास्त्र ही शास्त्रे मात्र निराळा प्रश्न विचारतात. आईवडिलांचे गुण संततीत उतरतात ते कोणत्या रेणूंच्या द्वारे, आणि पेशी त्यांतील सूचना वाचते तरी कशी? विदर्भातील व नंदुरबारकडील अनेक कुटुंबांना परिचित असलेला सिकलसेल आजार हे या अभ्यासाचे उत्तम उदाहरण होय.

एका अक्षराचा फेर

डीएनए या रेणूची दुपदरी सर्पिल रचना वॉटसन व क्रिक यांनी १९५३ साली मांडली. ए, टी, जी व सी ही त्याची चार अक्षरे. तीन अक्षरांचा एक शब्द होतो व असा शब्द एका अमिनो आम्लाची निवड करतो. ही लिपी उलगडणाऱ्यांत डॉ. हरगोविंद खुराणा हे भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ होते. १९६८ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. सिकलसेलमध्ये सहाव्या स्थानी ‘जीएजी’ऐवजी ‘जीटीजी’ हा शब्द येतो आणि ग्लुटामिक आम्लाची जागा व्हॅलिन घेते. बदल एवढाच; परंतु प्राणवायू कमी होताच असे रेणू एकमेकांस चिकटून लांब तंतू बनतात, तांबडी पेशी विळ्याच्या आकाराची होते व सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबतात. रुग्णास रक्तक्षय होतो, तीव्र वेदना सोसाव्या लागतात.

प्रयोगशाळेतील शिक्षण

या हिमोग्लोबिनची विद्युतक्षेत्रातील गती निराळी असते, हे लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखविले. आज विद्यार्थी थेट जनुकच तपासू शकतो. पॉलिमरेज साखळी अभिक्रियेने जनुकाच्या हव्या त्या भागाच्या असंख्य प्रती तयार करतात. नंतर विशिष्ट अक्षरक्रमावरच डीएनए कापणारे विकर त्यात मिसळतात. सिकलसेलमुळे एक कापण्याची जागा नाहीशी होते. त्यामुळे निरोगी, वाहक व रुग्ण यांच्या नमुन्यांत जेलवर वेगवेगळे पट्टे उमटतात.

आकडे काय सांगतात?

पती व पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि दोषमुक्त असण्याची २५ टक्के असते. एक मूल आजारी जन्मले म्हणून पुढची तीन निरोगी होतील, हा समज चुकीचा आहे. तसेच आजारी अपत्याला सदोष जनुक माता व पिता या दोघांकडूनही मिळालेले असते. म्हणून केवळ सुनेला बोल लावणे अन्यायाचे तर आहेच, शिवाय अशास्त्रीयही आहे. वाहक व्यक्ती सामान्यतः निरोगी असते. मात्र विवाहापूर्वी रक्ततपासणी करून घेणे हिताचे ठरते.

विद्यार्थ्यांनी काय करावे?

या विषयाकडे वळणाऱ्यांनी बारावीला जीवशास्त्राबरोबर रसायन, भौतिकशास्त्र व गणित यांचाही पाया पक्का करावा. जनुकांच्या अक्षरांची प्रचंड माहिती आता संगणकावर अभ्यासली जाते. त्यासाठी संख्याशास्त्र उपयोगी पडते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२ साली डॉ. ओबेद सिद्दिकी यांनी रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभारला. पुण्यात २००६ साली स्थापन झालेल्या आयसर संस्थेतही या विषयाचे अध्यापन व संशोधन चालते. पदवीनंतरच्या प्रवेशासाठी जॅम व गॅट-बी या परीक्षा महत्त्वाच्या आहेत.

सिकलसेलच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम २०२३ साली सुरू झाली असून २०४७ हे तिचे लक्ष्यवर्ष आहे. तपासणीचा अहवाल हाती येणे ही निम्मीच वाट होय. तो अहवाल गावातल्या माणसाला त्याच्या बोलीत, त्याचा मान राखून समजावून सांगणारे तरुण याच विद्यापीठांतून तयार व्हावयाचे आहेत.