दिवा पेटला की गिअर

चांदूर बाजारात माझं ऑटो इलेक्ट्रिकचं काम आहे. ट्रॅक्टर, पिकअप, संत्र्याच्या हंगामात ट्रक, हे रोजचं. शिफ्ट लाइटचं, म्हणजे गिअर बदलायची वेळ सांगणाऱ्या दिव्याचं, काम मात्र अमरावती-बडनेऱ्याकडच्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी आणलं. ही पोरं स्पर्धेसाठी एका माणसाची, उघड्या चाकांची छोटी रेसगाडी स्वतः बांधतात. फॉर्म्युला भारत नावाची त्यांची स्पर्धा कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर होत आली आहे. या गाड्यांचं वायरिंग करता करता जे हाती लागलं, ते पुढच्या पोरांसाठी लिहून ठेवतो.

१. दिवा शोभेसाठी लावू नका.

थ्रेशरवर ट्रॅक्टर चालवणारा माणूस मीटरवरची पीटीओच्या ५४० ची खूण पाहतो आणि काटा तिथं धरून ठेवतो. त्याला घाई नसते. रेसगाडीत पहिला गिअर दोनेक सेकंदांत संपतो, कानावर हेल्मेट असतं, आणि समोर कोन मांडलेले असतात. एका ड्रायव्हर पोरानं मला सांगितलं, "काका, मीटर पाह्यतो त कोन सुटते, कोन पाह्यतो त गिअर सुटते." नजर रस्त्यावरच राहावी आणि गिअरची वेळ तरी कळावी, एवढ्यासाठीच हा दिवा. पुढचे सगळे निर्णय याच कसोटीवर घ्या.

२. लाल रेषेवर दिवा लावू नका, आणि सर्वाधिक ताकदीच्या आकड्यावरही नाही.

पोरं माहितीपत्रक उघडतात. त्यांचं आवडतं इंजिन म्हणजे चाकणला बनलेल्या जुन्या केटीएम ३९० ड्यूकचं, ३७३ सीसी, एका सिलिंडरचं. सुरुवातीच्या मॉडेलमध्ये सर्वाधिक ताकद ९,५०० आरपीएमला मिळते असं पत्रक सांगतं, म्हणून पोरं दिवा ९,५०० वर लावून मोकळी होतात. पण गिअर बदलला की आरपीएम खाली पडतो. किती पडेल, ते दोन गिअरांच्या दातांवर ठरतं. या इंजिनात पहिला गिअर १२:३२ आणि दुसरा १४:२६ आहे. म्हणजे ९,५०० ला बदललात तर दुसऱ्यात सुमारे ६,६०० ला येता. तिथं इंजिन ९,५०० ला देतं तितकी ताकद देत नाही. मग अजून थोडं थांबायला हवं होतं, हे उघड आहे.

नियम सोपा आहे. गिअर बदलण्याच्या क्षणी गाडीचा वेग तोच असतो. म्हणून आत्ताच्या आरपीएमला मिळणारी ताकद आणि पुढच्या गिअरात पडल्यावर मिळणारी ताकद, या दोन्ही जिथं सारख्या होतात, तिथं बदला. पहिल्या-दुसऱ्यातली दरी मोठी, म्हणून तिथं बहुतेकदा लिमिटरच्या जवळपर्यंत ओढावं लागतं. चौथा-पाचवा जवळजवळ असतात, तिथं लवकर बदललं तरी चालतं.

आणखी एक अडचण आहे. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे पेट्रोल गाडीच्या हवेच्या वाटेत २० मिलिमीटरचा रेस्ट्रिक्टर बसवावा लागतो. इंजिनाची सगळी हवा त्या भोकातूनच जाते. एका सिलिंडरचं इंजिन हवा झटक्याझटक्यानं ओढतं, त्यामुळे वरच्या आरपीएमला त्याचा श्वास कोंडतो आणि ताकद मोटारसायकलपेक्षा लवकर उतरते. किती उतरते, हे प्लेनमच्या मापावर आणि ट्यूनिंगवर अवलंबून. म्हणून माहितीपत्रकातला आलेख तुमच्या गाडीचा नाही. एकदा डायनोवर गाडी चढवा, कागद घेऊन या, मग दिव्याचं बोलू.

३. प्रत्येक गिअरचा आकडा वेगळा ठेवा.

डोळ्यानं दिवा पाहिला आणि हातानं गिअर टाकला, यात पाव सेकंद तरी जातोच. पहिल्या गिअरात इंजिन सेकंदाला ४,००० नं चढत असेल, तर त्या पाव सेकंदात १,००० आरपीएम निघून गेले. तिसऱ्यात ते १,२०० नं चढत असेल, तर फक्त ३००. म्हणजे १०,००० ला गिअर बदलायचा असेल तर दिवा पहिल्यात ९,००० ला आणि तिसऱ्यात ९,७०० ला पेटायला हवा. सगळ्या गिअरांना एकच आकडा दिला की पहिल्यात गाडी लिमिटरवर आदळते. ७५ मीटरच्या सरळ धावेत हे परवडत नाही.

हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत. तुमचे आकडे ईसीयूच्या लॉगमध्ये आहेत. दिवा पेटला तो आरपीएम आणि इंजिन खरंच गेलं तो सर्वांत वरचा आरपीएम, यांतला फरक पाहा. जिथं गिअर बदलायचा, त्या आकड्यातून तेवढं वजा करा, दिवा तिथं लावा आणि परत पळवा.

४. पल्सचा हिशेब तपासा.

वेगळा विकत घेतलेला शिफ्ट लाइट कॉइलवरून किंवा ईसीयूच्या टॅको वायरवरून ठोके मोजतो. जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या चार सिलिंडरवाल्या मारुतीत एका फेऱ्याला दोन ठोके येतात. एका सिलिंडरच्या फोर स्ट्रोकमध्ये ठिणगी दोन फेऱ्यांत एकदा पडते, पण काही ईसीयू दर फेऱ्याला ठिणगी देतात. सेटिंग चुकलं की दिवा निम्म्या किंवा दुप्पट आरपीएमला पेटतो. ईसीयूला जोडलेल्या लॅपटॉपवर पाहून इंजिन ३,००० ला धरा आणि दिव्याचा मीटरही ३,०००च दाखवतो का, ते पाहा. पाच मिनिटांचं काम आहे.

५. जागा ड्रायव्हर बसवून ठरवा.

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. हेल्मेट घालून, बेल्ट आवळून ड्रायव्हरला सीटवर बसवतो आणि वीस-पंचवीस पावलांवर एक कोन ठेवतो. त्याला सांगतो, कोनावरून नजर हलवू नकोस. मग हातात दिवा धरून डॅशवर हळूहळू सरकवत जातो. "दिसला" म्हणाला की तिथं पेन्सिलनं खूण करतो. ती जागा बहुतेकदा स्टिअरिंगच्या वरच्या कडेला लागून, नजरेच्या रेषेच्या जरा खाली निघते. उंच पोरगा आणि बुटका पोरगा, दोघांच्या खुणा चार बोटांनी वेगळ्या येतात. दोघंही चालवणार असतील तर मधली जागा घ्या.

स्टिअरिंगवर दिवा लावण्याची हौस पोरांना फार. स्टिअरिंग वळलं की दिवाही फिरतो, आणि काढता येणाऱ्या स्टिअरिंगमुळे मध्ये एक जोडणी वाढते. पहिल्याच गाडीला डॅशवर लावा, असं माझं ठाम मत आहे.

६. दिवे कमी, रंग साधे.

दोन हिरवे, दोन पिवळे, शेवटी सगळे मिळून निळे लुकलुकणारे. यापलीकडं जाऊ नका. ड्रायव्हरला लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नसेल, तर रंगावर विसंबू नका. लुकलुकणं सगळ्यांना दिसतं.

आपल्याकडचं ऊनही लक्षात घ्या. दुकानात डोळे दिपवणारी एलईडी एप्रिलच्या दुपारी मैदानावर मेल्यासारखी दिसते. दिव्यावर काळी टोपी करा, आजूबाजूची चकाकती पट्टी काळी रंगवा आणि ड्रायव्हर जी काळी काच हेल्मेटला लावणार, त्याच काचेतून तपासा. संध्याकाळी उजेड कमी करायला एक बटण ठेवा.

७. वायरिंगला कंजुसी नको.

एका सिलिंडरचं इंजिन सगळी गाडी थरथरवतं. डाग दिलेली वायर डागाच्या कडेला कडक होते आणि तिथंच तुटते. म्हणून लग दाबून बसवा आणि वायरला जवळच आधार बांधा. दिव्याचा अर्थ चेसिसवर कुठंही मारू नका, ईसीयूच्या अर्थपाशी आणा. सिग्नलची वायर कॉइलपासून लांब न्या, नाहीतर ठिणगीबरोबर दिवाही नाचतो. रेझिस्टर १२ व्होल्टवर नाही, चालू गाडीच्या १४ व्होल्टवर मोजा. पिवळी एलईडी साधारण २ व्होल्ट घेते, उरले १२. २० मिलिअँपिअरला ६०० ओहम येतात, ६८० चा लावा. स्वतंत्र फ्यूज द्याच. दिवा बिघडला तरी इंजिन बंद पडता कामा नये.

८. दोन ड्रायव्हर, दोन सेटिंग.

सुमारे २२ किलोमीटरच्या एंड्युरन्समध्ये मध्यावर ड्रायव्हर बदलतो आणि त्यासाठी तीन मिनिटं मिळतात. दोघांचे हात सारखे चपळ नसतात, दोघांचे लॉग वेगळे निघतात. म्हणून डॅशवर दोन सेटिंगचा एक खटका ठेवा. तो फिरवायचं काम नव्या ड्रायव्हरला सांगू नका, बेल्ट बांधणाऱ्या पोराला द्या. त्याचा हात तिथंच असतो, आणि बेल्ट आवळून झाला की खटका टाकून मगच त्यानं बाजूला व्हायचं.