ताणासाठी गुळवेल, अश्वगंधा: घ्यायची तर अशी घ्या

पेणजवळ हमरापूर, जोहे या गावांत आषाढ लागला की गणपतीच्या कारखान्यांतले दिवे रात्री विझत नाहीत. मूर्ती वेळेत रंगून गाडीत चढल्या पाहिजेत, म्हणून जेवण उभ्या उभ्या आणि झोप मिळेल त्या कोपऱ्यात. तिकडे रोह्याला, धाटावच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलेला माणूस खिडक्या लावून पडतो, तरी त्याचा डोळा लागत नाही. ताण म्हणजे काय, हे या लोकांना कुणी शिकवायला नको. त्यांच्या घरातल्या फळीवर हल्ली अश्वगंधेच्या कॅप्सूल आणि गुळवेलीच्या गोळ्या दिसतात. शेजारी सांगतो, मोबाईलवर जाहिरात येते, दुकानदार काढून देतो. या औषधी वाईट नाहीत. घेण्याची रीत मात्र पुष्कळ घरांत चुकते: दोन-तीन एकदम सुरू होतात, मोजमाप नसतं आणि कधी थांबायचं हे कुणी ठरवलेलं नसतं. म्हणून ही कृती.

ताण सोसायची शरीराची ताकद वाढवणाऱ्या औषधींना ‘अ‍ॅडाप्टोजेन’ म्हणतात. ही कल्पना १९४७ साली निकोलाय लाझारेव या सोव्हिएत शास्त्रज्ञाने मांडली. आपल्याकडे त्यावर महत्त्वाचं काम झालं ते मुंबईच्या केईएममध्ये. डॉ. शरदिनी डहाणूकर, डॉ. ऊर्मिला थत्ते आणि डॉ. निर्मला रेगे यांनी गुळवेल, अश्वगंधा, शतावरी, आवळा, पिंपळी आणि हिरडा या सहा रसायन औषधींचा ताणाच्या संदर्भात अभ्यास करून १९९९ मध्ये तो प्रसिद्ध केला. तो प्राण्यांवरचा अभ्यास होता, हे लक्षात ठेवा. ताणाखालच्या माणसांवर त्यातल्या त्यात बरा पुरावा आहे तो अश्वगंधेचा. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय चाचणीत ६४ जण होते. त्यातल्या निम्म्यांना मुळाचा अर्क ३०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, असा ६० दिवस दिला गेला, आणि त्यांचा ताण बाकीच्यांपेक्षा जास्त उतरला. गुळवेलीची ख्याती जुनी आहे, पण ताणाबद्दलचा मानवी पुरावा तोकडा आहे. म्हणून झोप आणि घालमेल हा त्रास असेल तर अश्वगंधेचा विचार करावा, आणि तापातून उठल्यावरच्या अशक्तपणासाठी वैद्य देतात ती गुळवेल. दोन्ही एकदम सुरू करू नयेत. काही बिनसलं तर कशामुळे, ते कधीच कळणार नाही.

पहिला आठवडा काहीच घेऊ नका

एक वही करा. रोज सकाळी चार गोष्टी लिहा: किती वाजता झोपलात, रात्री किती वेळा जाग आली, दिवसाची चिडचिड शून्य ते दहापैकी किती, आणि चहा किती कप झाला. पुष्कळांचं निम्मं उत्तर या शेवटच्या रकान्यातच सापडतं. रात्रपाळीत सहा कप चहा पिणाऱ्याने अश्वगंधेवर पैसे घालण्याआधी पहाटे तीननंतरचा चहा सोडून पाहावा.

याच आठवड्यात आपण या औषधी घेऊ शकतो का, हेही तपासा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी दोन्ही टाळाव्यात. यकृताचा जुना विकार असलेले, कावीळ होऊन गेलेले आणि रोज दारू पिणारे यांनी यांच्या वाटेला जाऊ नये. आमवात किंवा ल्युपससारखा, शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते असा आजार असेल, किंवा अवयवरोपण झालेलं असेल, तरीही नको. थायरॉइड, मधुमेह, रक्तदाब, झोप किंवा फिट्स यांची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. अश्वगंधेने थायरॉइडची पातळी वाढू शकते, झोपेच्या गोळीची गुंगी वाढू शकते आणि साखर अपेक्षेपेक्षा खाली जाऊ शकते. जमल्यास सुरुवातीलाच यकृताची रक्ततपासणी करून तो कागद वहीत ठेवा. पुढे काही शंका आली तर ताडून पाहायला तोच उपयोगी पडतो.

गुळवेल ओळखा, मग तोडा

गुळवेल आपल्या घरची. पेण-रोह्याच्या कुठल्याही वाडीत ती आंब्यावर, कडुनिंबावर, कुंपणावर चढलेली असते. पान हृदयाच्या आकाराचं आणि दोन्ही बाजूंनी गुळगुळीत. वरून दोरीसारखी बारीक मुळं खाली लोंबतात. जून खोडाची साल पातळ, राखी-पिवळट असते. नखाने पापुद्रा काढला की खाली हिरवा रंग दिसतो. खोड आडवं कापून उजेडात धरलं तर मधून कडेकडे गेलेल्या रेषा चाकाच्या आऱ्यांसारख्या दिसतात. तुकडा चावला तर कडू लागतो आणि बोटांत चुरला तर बुळबुळीत चीक लागतो. ही सगळी लक्षणं जुळली पाहिजेत, एखाद-दुसरं जुळून भागत नाही. पानाची खालची बाजू लवदार असेल तर ती दुसरी जात. खोडभर ठळक फोड-गाठी असतील तर ती आणखी वेगळी जात, आणि तिचा संबंध यकृताच्या इजेशी जोडला गेला आहे. वासनवेल, पहाडवेल याही वेली लांबून फसवतात. थोडीही शंका असेल तर वैद्याला दाखवल्याशिवाय तोंडात घालू नका.

रानातली पारख कातकऱ्यांइतकी कुणाला नसते. पेण आणि रोह्याच्या बाजारात पावसाळ्यात शेवळं, करटोली घेऊन बसणाऱ्या बायकांना गुळवेल मागितली तर त्या आणून देतात. त्यांच्याकडून घ्या आणि घासाघीस करू नका. आडवळणाच्या रानातून ती उतरवून आणण्याचे कष्ट त्या भावात क्वचितच धरलेले असतात.

स्वतः तोडायची असेल तर हायवेच्या कडेची, कारखान्याच्या भिंतीलगतची, तणनाशक मारलेल्या बांधावरची नको. काजऱ्यासारख्या विषारी झाडावर चढलेली वैद्य टाळायला सांगतात, तीही नको. अंगठ्याएवढ्या जाडीचं जून खोड घ्या. त्यासाठी उन्हाळा, विशेषतः मे महिना चांगला. वेल बुडातून उपटू नका, मधलाच हातभर तुकडा काढा. पावसाच्या तोंडावर वीतभर लांबीची एक-दोन छाटं ओल्या मातीत खोचून ठेवली तर घरच्या कुंपणावरच वेल होते आणि पुढचे प्रश्न मिटतात.

काढा आणि हिम

खोड धुवा, वरचा पापुद्रा खरवडा आणि बोटाच्या पेराएवढे तुकडे करून खलबत्त्यात ठेचा. २० ग्रॅम ठेचलेल्या ओल्या खोडाला १६ पट, म्हणजे ३२० मिली पाणी घाला. स्टीलच्या किंवा मातीच्या भांड्यात, झाकण न ठेवता, मंद आचेवर आटवा. आठवा हिस्सा, म्हणजे ४० मिली उरलं की उतरवा आणि फडक्याने गाळा. हे शास्त्रातलं जुनं प्रमाण. एका माणसाला एका दिवसाला इतकंच पुरे. ताजा करा, ताजा प्या. फ्रीजमध्ये आठवडाभराचा करून ठेवण्यात अर्थ नाही. त्यात दालचिनी, लवंग, मिरी, आलं असं सापडेल ते टाकण्याची सवय करोनाच्या काळात लागली, ती सोडा. त्याने पुष्कळांची पोटं जळाली.

उन्हाळ्यात काढा सोसत नसेल तर हिम करा. तेवढंच ठेचलेलं खोड सहापट गार पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी कुस्करून गाळा आणि प्या. बाजारातलं गुळवेल सत्त्व मात्र जपून घ्या, त्यात दुसऱ्या पिठाची भेसळ होते.

आता नाजूक गोष्ट. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. हे लोक गुळवेल घेत होते आणि त्यांच्या यकृताला सूज आली होती. आयुष मंत्रालयाने तो अमान्य केला आणि वनस्पतीची नीट ओळखच पटवलेली नाही, असा आक्षेप घेतला. पुढे देशातल्या इतर रुग्णालयांतूनही असे रुग्ण नोंदले गेले. माझ्या मते हा वाद मिटेपर्यंत आपण कानाला खडा लावावा: रोज घ्यायची तर दोन-तीन आठवडे, त्यापुढे वैद्याच्या देखरेखीशिवाय नाही. प्रतिकारशक्तीसाठी वर्षभर गुळवेल, ही कल्पनाच डोक्यातून काढून टाका.

अश्वगंधा विकत घेताना

अश्वगंधा कोकणची नव्हे. तिला कोरडी हवा आणि हलकी जमीन लागते, आपल्या पावसात तिचं मूळ कुजतं. तिचा मोठा व्यापार मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडे आहे. तेव्हा ती विकतच घ्यावी लागते, आणि सगळी परीक्षा लेबलवर होते.

डबी उलटी करून वाचा. आयुर्वेदिक औषध असेल तर उत्पादनाचा परवाना क्रमांक असतो, पूरक आहार म्हणून विकलं जात असेल तर अन्न सुरक्षेचा १४ अंकी क्रमांक असतो. बॅच, तयार केल्याची तारीख, मुदत बघा. मग शोधा ती ओळ, जिच्यात वनस्पतीचा कोणता भाग वापरला ते लिहिलेलं असतं. तिथे ‘मूळ’ असलं पाहिजे. २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाने उत्पादकांना अश्वगंधेचं पान वापरू नका, असं कळवलं. भागाचा उल्लेखच नसेल तर डबी परत ठेवा. ही चौकशी दुकानदाराला त्रासदायक वाटली तरी कराच. पनवेलमध्ये १८७२ पासून आयुर्वेदिक औषधांचा कारखाना चालत आलेल्या या जिल्ह्यात औषधाचं लेबल वाचणं ही नवलाई वाटायला नको.

चूर्ण आणि अर्क यांची गल्लत सगळ्यात जास्त होते. चूर्णाची रूढ मात्रा दिवसाला ३ ते ६ ग्रॅम. अर्क आटवलेला असतो, त्याची मात्रा मिलिग्रॅममध्ये. चूर्णाच्या हिशोबाने अर्क घेतला तर अनेकपटींनी जास्त जातो. चूर्ण घेणार असाल तर ३ ग्रॅमपासून सुरुवात करा, आणि ते स्वयंपाकघरातल्या छोट्या डिजिटल काट्यावर मोजा. चमच्याचा भरवसा नाही. रात्री जेवणानंतर कोमट दुधातून घ्या. पोटात जड वाटलं तर क्षीरपाक करा: ५ ग्रॅम चूर्ण, ४० मिली दूध, १६० मिली पाणी. पाणी आटून दूध उरेपर्यंत मंद आचेवर ठेवा, गाळून प्या. अर्क असेल तर लेबलवरच्या मात्रेपलीकडे जाऊ नका. पहिले तीन-चार दिवस गुंगी येते का, ते कळल्याशिवाय गाडी चालवू नका आणि यंत्रावर उभे राहू नका. धाटावच्या पाळीवाल्यांसाठी हे विशेष. औषध रात्रीच घ्यायचं हा हट्ट नको, तुमची झोप ज्या वेळी त्याच्या आधी घ्या.

थांबण्याची तारीख

सुरू करण्याच्या दिवशीच वहीत शेवटची तारीख लिहा, आठ आठवड्यांनंतरची. त्यापुढच्या सुरक्षिततेची माहिती फारशी नाही. दर रविवारी वहीतली पानं चाळा. चार आठवड्यांत झोपेत, चिडचिडीत काहीच फरक नसेल तर मात्रा वाढवू नका, बंद करा. शस्त्रक्रिया ठरली असेल तर किमान दोन आठवडे आधी थांबवा आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा.

आणि ही लक्षणं घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या: लघवी गडद पिवळी होणं, डोळे पिवळे दिसणं, अंगाला खाज, अन्नावरची वासना जाणं, मळमळ, उजव्या बरगडीखाली दुखणं. यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी औषध बंद आणि दवाखाना गाठायचा. छातीत धडधड, अंगाला घाम, वजन झपाट्याने उतरणं, हे थायरॉइडचं लक्षण असू शकतं, तेव्हाही तेच.

दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, काम नकोसं वाटत असेल, जगण्यात राम नाही असं मनात येत असेल, तर हा मुळी-पाल्याने सुटणारा ताण नाही. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. जवळच्या सरकारी दवाखान्यातही सांगा. आणि कुठल्याही डॉक्टरांकडे, कसल्याही दुखण्यासाठी जाल तेव्हा अश्वगंधेची डबी किंवा गुळवेलीचा तुकडा पिशवीत घालून न्या, आणि विचारायची वाट न पाहता टेबलावर ठेवा.