मास्क वाचायला शिका

बरीच वर्षं ऑफिसांची नेटवर्क लावतो आहे आणि नव्या मुलांना हे काम शिकवतोही आहे. केबल, स्विच, राउटर ही मंडळी भराभर उचलतात. अडतात ती सबनेट मास्कपाशी. त्यांच्यासाठी हे अनुभवाचे बोल.

१. क्लास माहीत असू द्या, पण त्यावरून मास्क ठरवू नका.
सप्टेंबर १९८१ च्या आरएफसी ७९१ ने पत्त्यांचे वर्ग पाडले. पहिला आकडा १२६ पर्यंत असला तर ए, १२८ ते १९१ बी, १९२ ते २२३ सी. ए वर्गाच्या एका नेटवर्कात १ कोटी ६७ लाखांहून जास्त मशीन बसतात, बी मध्ये ६५,५३४ आणि सी मध्ये फक्त २५४. मधलं काही नाहीच. पाचशे मशीन असलेल्या संस्थेला एक सी पुरत नसे आणि बी घेतला तर चौसष्ट हजारांवर पत्ते पडून राहत. ही उधळपट्टी परवडेना, म्हणून १९९३ मध्ये सीआयडीआर आलं आणि वर्गांचं काम संपलं. आता नेटवर्कची हद्द मास्कच सांगतो. तरीही '१० ने सुरू होतो, म्हणजे मास्क २५५.०.०.०' हे उत्तर मुलाखतीत हमखास ऐकायला मिळतं. विंडोजसुद्धा त्याला खतपाणी घालतं. आयपी टाकून पुढच्या रकान्यात गेलात की वर्गाप्रमाणे मास्क आपोआप भरला जातो. तो तपासल्याशिवाय ओके दाबू नका.

२. मास्क एकाच प्रश्नाचं उत्तर देतो.
समोरचं मशीन माझ्याच नेटवर्कात आहे की बाहेर? आत असेल तर एआरपीने थेट हाक मारायची, बाहेर असेल तर पॅकेट गेटवेकडे द्यायचं. एवढं पक्कं झालं की अर्धा विषय झाला.

३. बायनरी एकदा तरी हाताने लिहा.
मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर नंतर वापरा. पत्ता १९२.१६८.१.७०, मास्क २५५.२५५.२५५.१९२, म्हणजे स्लॅश २६. पहिले तीन आकडे जसेच्या तसे राहतात. चौथ्यात ७० म्हणजे ०१०००११० आणि १९२ म्हणजे ११००००००. एकाखाली एक लिहा. दोन्हीकडे १ असेल तिथेच १ ठेवा. उरतं ०१००००००, म्हणजे ६४. नेटवर्क .६४, ब्रॉडकास्ट .१२७, मशीनना द्यायला .६५ ते .१२६ असे ६२ पत्ते. हे हातात बसलं की २५६ मधून १९२ वजा करून ६४ च्या उड्या मारण्याची युक्ती खुशाल वापरा. आधी युक्ती शिकलेला माणूस आकडा बदलला की गडबडतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

४. 'इंटरनेट चालतंय, प्रिंटर मिळत नाही' असं कोणी म्हटलं की मास्क बघा.
एका ऑफिसात अगदी हेच झालं होतं. पीसी .७० वर, प्रिंटर .१३० वर, दोघं वेगळ्या व्हीलॅनमध्ये आणि सगळीकडे स्लॅश २६. फक्त त्या पीसीवर कोणीतरी २५५.२५५.२५५.० टाकलेलं. त्यामुळे पीसीला वाटायचं, .१३० आपल्याच नेटवर्कात आहे. तो गेटवेकडे न जाता एआरपीने हाका मारत बसायचा. ती हाक व्हीलॅनच्या पलीकडे जात नाही. बाहेरचे पत्ते मात्र दोन्ही मास्कनी बाहेरचेच ठरतात, म्हणून इंटरनेट सुरळीत. पिंग केलं तर 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' हे उत्तर पीसीच्या स्वतःच्याच पत्त्यावरून येत होतं. ही खूण लक्षात ठेवा: पॅकेट मशीनबाहेर पडलेलंच नाही. प्रिंटरवाल्याला बोलावण्याची गरज नव्हती. राउटरवर प्रॉक्सी एआरपी चालू असेल तर हा दोष झाकला जातो आणि राउटर बदलल्यावर अचानक वर येतो. तेव्हा तो शोधणं जास्त जड जातं.

५. १७२ ची खासगी रेंज नीट पाठ करा.
ती १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतच आहे. १७२.३२ आपला नाही. फायरवॉलचे नियम लिहिताना इथेच घोळ होतो.

६. नव्या ऑफिसला १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ देऊ नका.
घरोघरच्या राउटरवर बहुतेक याच रेंज असतात. माणूस घरून व्हीपीएन जोडतो, त्याच्या घरचं आणि ऑफिसचं नेटवर्क एकाच आकड्यांचं निघतं आणि ऑफिसचा सर्व्हर त्याला सापडत नाही. १० च्या रेंजमध्ये मुबलक जागा आहे. तिथला एखादा तुकडा घ्या, प्रत्येक विभागाला आजच्या गरजेच्या दुप्पट पत्ते ठेवा आणि कोणता सबनेट कुठे, त्याचा मास्क काय, गेटवे कोणता, याची नोंद त्याच दिवशी लिहून ठेवा. तुमच्यानंतर येणाऱ्या माणसाला ती लागणार आहे.